जुन्या मंडळीत नवं काम कसं उभं करावं: सोलापुरातल्या अनुभवावरून, पायरी-पायरीनं

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कीबोर्ड आला त्या रविवारी सगळे आनंदात होते. तरुण संघानं वर्षभर पैसे साठवून तो आणला होता. पाळकसाहेबांनी त्यावर प्रार्थना केली, फोटो निघाले. बाजाची पेटी उचलून वेस्ट्रीतल्या (पाळकांच्या तयारीच्या खोलीतल्या) कपाटावर गेली आणि धूळ बसू नये म्हणून कुणीतरी तिच्यावर जुनी चादर टाकली. चौथ्या रविवारी महिला सभेतल्या एका मावशींनी मला विचारलं, "पेटीवाले काका दिसत नाहीत हो अलीकडं?"

मी तेव्हा मंडळीची सेक्रेटरी होते. तीन रविवार एक माणूस आला नाही आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही, याची लाज वाटली. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काका एका गिरणीत कामाला होते. ती बंद पडल्यावर मिळेल ते काम करत राहिले, पण रविवारची पेटी तीस वर्षं कधी चुकली नाही. त्यांनी चहा दिला, तब्येतीची चौकशी केली. मी निघताना दारात म्हणाले, "बाई, गिरणी बंद झाली तेव्हा गेटवर निदान नोटीस तरी लावली होती."

हा लेख त्या एका वाक्यातून आला आहे. मंडळीत नवं काही सुरू करायचं म्हटलं की आपण वाद घालतो तो वाद्यांवर, वेळेवर, भाषेवर. मी जवळून पाहिलेल्या जवळपास प्रत्येक भांडणाच्या तळाशी वेगळीच गोष्ट होती: एका माणसाच्या हातातलं काम गेलं होतं आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहे: हे काम आज कुणाच्या हातात आहे, आणि उद्या त्या हातांना काय काम असेल?

पहिली पायरी: वही घ्या, चार रकाने आखा

नव्या सेवेची चर्चा सुरू करण्याआधी मंडळीच्या सगळ्या रीती लिहून काढा. सगळ्या म्हणजे अगदी सगळ्या: प्रभुभोजन कोणत्या रविवारी, अर्पणाची थैली कोण फिरवतं, जाहिराती (मंडळीच्या सूचना) संदेशाआधी की नंतर, नाताळची प्रभातफेरी कुठून निघते, उपकारस्तुतीच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे आभार मानतो तो) लिलाव कोण पुकारतं. पहिल्या रकान्यात रीत. दुसऱ्यात ती कुठून आली. तिसऱ्यात ती बदलली तर काय तुटेल. चौथ्यात ती सांभाळणाऱ्या माणसाचं नाव.

दुसरा रकाना भरताना फार शिकायला मिळतं. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा प्रभूच्या आज्ञेवरून आहेत, तिथे चर्चाच नाही. पण प्रभुभोजनाचा प्याला एकच असावा की लहान लहान पेले असावेत, ही मंडळीची रीत आहे. आणि पहिल्या दोन बाकांवर अमुक घराण्यानंच बसायचं, ही नुसती सवय. श्रद्धा, रीत आणि सवय या तीन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की कशालाही हात लावला तरी लोकांना वाटतं श्रद्धेलाच हात लावला.

आमच्याकडे उपासना सकाळी दहाला. का, कुणालाच सांगता येईना. शेवटी ऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी खेड्यांतून लोक बैलगाडीनं यायचे, त्यांना पोचायला तेवढा वेळ लागायचा. बैलगाड्या जाऊन पन्नास वर्षं झाली. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत दहा ते साडेबारा पत्र्याच्या छपराखाली म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. एवढं कळल्यावर उन्हाळ्याचे तीन महिने उपासना आठला घ्यायला कुणी विरोध केला नाही. रीतीचं कारण सापडलं की तिला बदलणं सोपं जातं, आणि कधी कधी ती का जपली पाहिजे हेही तेव्हाच कळतं.

चौथा रकाना मात्र घाईत भरू नका. तिथे "महिला सभा" किंवा "कमिटी" असं लिहून भागणार नाही. माणसाचं नाव हवं. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड दर महिन्याला कोण धुऊन इस्त्री करून आणतं, हे आमच्या कमिटीतल्या एकालाही माहीत नव्हतं. बावीस वर्षं एकच मावशी ते करत होत्या. नाव लिहिलं गेलं तेव्हा त्यांनी पदराला डोळे पुसले.

दुसरी पायरी: मंडळीचं दप्तर उघडा

जुनी कार्यवृत्तं, बाप्तिस्म्याची नोंदवही, लग्नाची नोंदवही, जुने फोटो बाहेर काढा. ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे जाऊन बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. हे काम तरुणांना द्या, म्हणजे दोन पिढ्या एका खोलीत तासभर तरी बसतात.

सोलापूरच्या जुन्या मराठी मंडळ्यांच्या मागे अमेरिकन मराठी मिशनचं काम आहे. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये अहमदनगरला गेलं आणि तिथून सोलापुरापर्यंत पोचलं. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो त्यातला बराच भाग त्या काळी धाडसाचा होता. मुलींना शाळेत पाठवणं, लहान मुलांसाठी बालवाडी काढून तिच्यासाठी बायकांना शिक्षिका म्हणून तयार करणं, हे सोलापुरात या मिशननं केलं. इंग्रजी चालींवरची गीतं बाजूला ठेवून कीर्तन आणि अभंगांतून ख्रिस्त सांगणंही नवंच होतं. ज्यांचे अभंग आपण उपासनेत डोळे मिटून गातो ते ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्या वेळच्या मिशनला ते सहज पचलं नसणार.

दप्तरात मान खाली घालायला लावणाऱ्या गोष्टीही सापडतील, त्या झाकू नका. इंग्रज सरकारनं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये मिशननं त्या व्यवस्थेखाली काम केलं. शाळा, दवाखाना, हाताला काम मिळालं हे खरं. कुंपणही होतं, हेही खरं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती कायद्यानं मुक्त झाल्या. त्या माणसांची नातवंडं-पतवंडं आज आपल्या शहरात आहेत. धाडसी सेवा म्हणून निघालेल्या कामातही माणसाच्या स्वातंत्र्याचं काय होतंय ते विचारावं लागतं, हा धडा मला या पानांतून मिळाला.

जे सापडेल त्यातली एकेक नोंद दर रविवारी जाहिरातींच्या वेळी वाचा. दोन मिनिटं, जास्त नको. आठ-दहा रविवार हे केलं की "आपल्याकडे असं कधी झालंच नाही" हे वाक्य सभेत ऐकू येणं कमी होतं.

तिसरी पायरी: भिंतीबाहेर फिरा

नव्या सेवेची कल्पना बहुतेक वेळा कमिटीच्या खोलीत जन्मते आणि तिथेच मरते. त्याऐवजी दोघा-दोघांच्या जोड्या करा, एक म्हातारं आणि एक तरुण अशी जोडी, आणि तीन संध्याकाळी शहरात फिरा. प्रश्न दोनच विचारायचे: दिवसातला सगळ्यात अवघड वेळ कोणता? तेव्हा कोण मदतीला येतं?

सोलापूर हे एका भाषेचं शहर नाही. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येते. यंत्रमागावर काम करणाऱ्याचा दिवस पाळीवर ठरतो. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस हजार विड्यांच्या हिशेबावर. कुंभारीच्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० कामगारांच्या घरांचं लोकार्पण झालं, त्यामुळे कित्येक कुटुंबं जुन्या वस्त्यांतून तिकडे गेली. मंडळीतलं कुणी तिकडे राहायला गेलं असेल तर रविवारी दहाला शहरात यायला त्याला रिक्षाचे किती पैसे पडतात, हे विचारलंत का? आमच्या एका जोडीनं विचारलं. उत्तर ऐकल्यावर "हल्ली उपासनेला येत नाहीत" ही तक्रार आम्ही परत केली नाही. महिन्यातून दोन बुधवारी तिथेच घरसभा सुरू झाली.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय या पायरीला आधी वाचा. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. प्रेषितांनी सात माणसं नेमायला सांगितली, आणि मंडळीनं निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची माणसं सुटत होती, त्यांच्याच हातात वाटप दिलं. सोलापूरसारख्या शहरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांसाठी काही करायचं असेल तर ते चालवणारा माणूस त्याच घरातला हवा. मराठीतला संदेश दुसऱ्या भाषेत वाचून दाखवला म्हणजे झालं, असं समजू नये.

चौथी पायरी: एकच काम निवडा आणि ते जुन्या हातांनी सुरू करा

फिरून आलात की यादी लांब होईल. त्यातलं एकच घ्या. निवडताना वहीतला चौथा रकाना समोर ठेवा: या कामाला लागणारं कसब आपल्यातल्या कुठल्या ज्येष्ठ माणसाकडे आधीच आहे?

आम्ही जे निवडलं ते सविस्तर सांगते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरकडे जाताना सोलापूर शहरातून जाते. शेकडो मैल चालून आलेले वारकरी असतात, पायांना फोड, टाचा फुटलेल्या. आमच्या मंडळीत निवृत्त सिस्टर, म्हणजे दवाखान्यातल्या नर्स, बऱ्याच. एका तरुणानं सुचवलं की वारकऱ्यांच्या पायांची मलमपट्टी करू या. सभेत दोन्ही बाजूंनी विरोध झाला. मंडळीचे काही वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, म्हणाले, हे आपलं काम आहे का? काही उत्साही मंडळी म्हणाली, एवढे लोक येणार तर पत्रकं छापून वाटू या.

पहिल्यांना आम्ही योहानाच्या तेराव्या अध्यायाकडे नेलं. शुभ शुक्रवारच्या आदल्या रात्री दर वर्षी पाय धुण्याचा तो भाग आपण वाचतो. रस्त्यावर पाय धुवायला मिळत असताना घरात नुसता वाचायचा का? दुसऱ्यांना मी स्वतः स्पष्ट सांगितलं: दुखऱ्या पायाचा माणूस आपल्या हातात असताना त्याला दुसरं काही देणं हा त्याच्या विश्वासाचा गैरफायदा आहे. तो त्याच्या भक्तीच्या वाटेवर आहे. आपण मलम लावू, पाणी देऊ, निरोप घेऊ. ही अट कार्यवृत्तात लिहिली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. नवं काम सुरू करताना अशी एक लेखी अट फार उपयोगी पडते, नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी पिशवीतून पत्रकं काढतं.

तयारी साधी होती. पालखीच्या स्वागताची व्यवस्था पाहणाऱ्यांना आधी जाऊन भेटलो, जागा त्यांनीच दाखवली. पोलीस चौकीत कळवलं. चार टेबलं, खुर्च्या, टब, साबण, स्वच्छ पाणी, कोरडे पंचे, जंतुनाशक औषध, गॉज, चिकटपट्टी, व्हॅसलीन, हातमोजे, ओआरएसची पाकिटं. न फुटलेला फोड फोडायचा नाही, नुसता धुऊन, टिपून, गॉजनं झाकायचा. मधुमेह आहे असं कुणी सांगितलं आणि पायाला जखम दिसली, तर आपण हात न चालवता डॉक्टरांकडे पाठवायचं. हे नियम एका पंचाहत्तरीच्या सिस्टरांनी तरुणांना दोन रविवार उपासनेनंतर शिकवले. त्यांच्या आवाजातली ती वॉर्डातली जरब मी वीस वर्षांनी ऐकली.

पालखीच्या दिवशी सिस्टर सकाळी सातपासून खाली पाटावर बसल्या होत्या. एका म्हाताऱ्या वारकरी बाईंनी पाय पुढे करायला नकार दिला, "तुम्ही वयानं मोठ्या, तुमच्या हातात पाय कसा देऊ?" सिस्टर म्हणाल्या, "माउली, आयुष्यभर हेच केलंय. द्या इकडं." मागे उभा असलेला आमचा कॉलेजातला मुलगा टब घेऊन तसाच थांबून राहिला. पुढच्या वर्षी पाटावर तो बसला.

पाचवी पायरी: आहे त्या रीतीत रिकाम्या जागा शोधा

प्रत्येक धाडसाला नवा कार्यक्रम लागत नाही. आपल्या जुन्या उपासनापद्धतीत बऱ्याच जागा आहेत, आपण त्या एकाच प्रकारच्या माणसांनी भरून टाकल्या आहेत.

शुभ शुक्रवारची बारा ते तीनची उपासना घ्या. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात संदेश. वर्षानुवर्षं तेच सात पुरुष बोलतात. क्रम तोच ठेवा, गीतं तीच, वेळ तीच, फक्त बोलणारे बदला. सगळे एकदम बदलू नका. चार जुने, तीन नवे. ज्यांच्याकडचे तीन उद्गार काढून घेणार त्या वडिलांना आधी भेटा आणि सांगा की नव्या माणसाची तयारी तुम्हीच करून घ्यायची आहे. महिनाभर आधी त्यांच्या घरी बसून दोघांनी तो भाग वाचायचा.

आमच्याकडे पहिल्या वर्षी पाचवा उद्गार, "मला तहान लागली आहे," विडी वळणाऱ्या एका ताईंना दिला. त्या कधी व्यासपीठावर चढल्या नव्हत्या. कागद हातात होता पण त्यांनी तो वाचला नाही. चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी, ते रात्री किती वाजता येईल याचा भरवसा नाही, म्हणून उशाला घागर ठेवून झोपणं, मुलानं मागितलं तर अर्धा पेला देणं, एवढंच त्या बोलल्या. मग तहानलेल्या ख्रिस्ताला दिलेल्या आंबट द्राक्षारसाबद्दल म्हणाल्या, "त्याला आंब दिली. आंब." आणि खाली उतरल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. त्या उद्गारावर मी पंचवीस तरी संदेश ऐकले असतील. लक्षात राहिला तो हा. ज्या वडिलांकडे पूर्वी तो उद्गार असायचा त्यांनीच त्यांची तयारी करून घेतली होती, आणि उपासनेनंतर लोक त्यांचंही अभिनंदन करत होते.

अशाच आणखी जागा: उपकारस्तुतीच्या सणाचा लिलाव. भाजी, ज्वारीची पोती, कोंबड्या यांच्याबरोबर तरुणांचं कसब बोलीला लावा, म्हणजे कुणाच्या घरची वीज दुरुस्ती, कुणाच्या मुलाची महिनाभर शिकवणी. नाताळच्या प्रभातफेरीतला एक मुक्काम दर वर्षी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारात. शास्त्रवाचन दर महिन्यात एकदा तेलुगू किंवा कन्नडमध्येही.

सहावी पायरी: संगीताचं काय करायचं

सगळ्यात जास्त माणसं इथे दुखावतात, म्हणून वेगळं लिहिते. एकाच उपासनेत अर्धं जुनं, अर्धं नवं असं वाटून देण्याचा मोह होतो. मी ते करून पाहिलं. दोन्ही बाजू घड्याळाकडे बघत बसतात. महिन्याचे रविवार वाटले तर लोक आपापल्या रविवारीच येतात, म्हणजे एका मंडळीच्या दोन होतात.

आमच्याकडे जे टिकलं ते असं. गीत निवडताना आधी वचन आणि संदेशाचा विषय बघायचा, मग गीत, मग ते कोणत्या वाद्यावर शोभेल ते. अभंगाला पेटी, तबला, झांजच. त्याच्यामागे ड्रम लावू नका, तो दोन्हींचा अपमान होतो. नवं स्तुतिगीत गिटार-कीबोर्डवर, पण चढवताना आवाज एवढाच की समोरच्या बाकावरच्या आजींना स्वतःचं गाणं ऐकू यावं. आवाजाची पातळी ठरवायला एका ज्येष्ठ माणसाला मागच्या बाकावर बसवा आणि त्याचा शब्द अखेरचा माना.

काकांकडे मी परत गेले ते माफी मागायला. त्यानंतर गेले ते एक विनंती घेऊन: जुन्या गीतांच्या चाली तुमच्याशिवाय कुणाला येत नाहीत, त्या मुलांना द्याल का? गीतांच्या पुस्तकावर "चाल" म्हणून एक ओळ छापलेली असते. त्या ओळीतली मूळ गाणी आता कुणी गात नाही, म्हणजे चाल माणसाबरोबरच जाते. कीबोर्ड वाजवणारी मुलगी दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊ लागली. मोबाइलवर त्रेसष्ट चाली रेकॉर्ड झाल्या. पेटी कपाटावरून खाली आली, भाता दुरुस्त झाला. काका आता दर रविवारी वाजवत नाहीत, बोटं दुखतात; पण कुठलं गीत कुठल्या पट्टीत घ्यायचं ते शनिवारी त्यांना फोन करूनच ठरतं.

सातवी पायरी: सभेआधी घरी जा

वार्षिक सभेत ठराव मांडून बहुमतानं नवं काम मंजूर करून घेता येतं. ते टिकत नाही. ज्याच्या हातातल्या कामाला धक्का लागणार आहे त्याच्या घरी ठरावाच्या निदान महिनाभर आधी जा. कागद नेऊ नका. पहिल्या भेटीत फक्त ऐका. "तुम्ही हे काम कधीपासून करता? तुम्हाला कुणी शिकवलं?" एवढे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्या भेटीत विचार सांगा. तिसरी भेट पाळकसाहेबांबरोबर, प्रार्थनेसाठी.

तरुणांच्या घरीही जा. त्यांचं दुःख आपण मोजत नाही. पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा महिन्यातून एकदा येतो, दहा सूचना करतो, कमिटी म्हणते "बघू". तिसऱ्या "बघू"नंतर तो सूचना करत नाही, आणि मग येतही नाही. त्याला वेळेची मर्यादा घालून उत्तर द्या: अमुक तारखेच्या सभेत हो किंवा नाही कळवू, आणि नाही असेल तर कारणासह.

दोन मतं एकत्र नांदू शकतात याचं उदाहरण लांब शोधायला नको. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांतून एक झालं. त्यात बालकांचा बाप्तिस्मा मानणारे होते आणि विश्वासणाऱ्या प्रौढांचाच बाप्तिस्मा मानणारेही होते. दोन्ही पद्धती ठेवल्या. एवढ्या मोठ्या प्रश्नावर जर हे जमलं, तर जाहिराती आधी की नंतर यावर मंडळी फुटायला नको.

आठवी पायरी: पैसा, जागा, मुलं

हे थोडक्यात, पण चुकवू नका. नव्या कामाचा हिशेब वेगळा ठेवा. पाळकांचा पगार आणि इमारतीची डागडुजी यांतून एक रुपयाही काढू नका, नाहीतर पहिल्या गळक्या छपराचा दोष नव्या सेवेवर येईल. मंडळीची जागा कुणाला वापरायला द्यायची असेल तर विश्वस्तांना विचारा: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद. मुलांसाठी अभ्यासिका किंवा शिबिर असेल तर एक मोठं माणूस आणि एक मूल बंद खोलीत कधीही नको, नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, पालकांची लेखी संमती. आणि काही वावगं कानावर आलं तर मंडळीची अब्रू म्हणून दाबायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

नववी पायरी: जिथे समतोल नकोच

इथपर्यंत मी सगळ्यांना सांभाळून घ्या असं सांगत आले. काही गोष्टी मात्र परंपरेच्या नावाखाली जपल्या जातात आणि त्या जपू नयेत. लग्न जुळवताना कुणाचे आजे-पणजे कोणत्या जातीतून आले याची चौकशी. दफनभूमीतल्या जागेवरून होणारा भेदभाव. एकाच घराण्याकडे पिढ्यानपिढ्या खजिनदारकी. बाईनं प्रार्थना करावी, पण कमिटीत तोंड उघडू नये. यांच्यासाठी चौथ्या रकान्यात नाव लिहून समजूत काढायची गरज नाही. आपली बरीचशी घराणी ख्रिस्ताकडे आली त्यात ही उतरंड नाकारणं होतं. त्यांच्या नातवंडांनी ती मंडळीत परत आणली, तर त्याला वारसा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इथे ठराव मांडा, मतदान घ्या, हरलात तर पुढच्या वर्षी परत मांडा.

दहावी पायरी: मुदत संपली की

नवं काम सुरू करतानाच त्याची शेवटची तारीख लिहा. उपकारस्तुतीच्या सणापासून ईस्टरपर्यंत, किंवा एका आषाढीपासून पुढच्या आषाढीपर्यंत. मुदत असली की विरोध करणाराही थांबायला तयार होतो. तारखेच्या पंधरा दिवस आधी बसा आणि तीन गोष्टी विचारा. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना त्याचा उपयोग झाला का, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं का? काम करणारे थकलेत का? या काळात मंडळीतून कोण गप्प झालं?

बंद करायचं ठरलं तर गुपचूप बंद करू नका. आमची एक अभ्यासिका चालली नाही. मुलांना पोचायला लांब पडायचं आणि संध्याकाळी सातला त्यांच्या घरी विड्या बांधायची घाई असायची. शेवटच्या शनिवारी मुलांना बोलावून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊ घातली, ज्या ताई शिकवायच्या त्यांचा उपासनेत उल्लेख केला, वह्या-पुस्तकं मुलांना वाटली, आणि का चाललं नाही ते कार्यवृत्तात दोन परिच्छेदांत लिहिलं. पुढच्या खेपेला रे नगरातल्या घरसभेनं तेच परिच्छेद वाचून वर्ग तिथल्याच ओट्यावर, सकाळच्या वेळी घेतला.

आणि ती चार रकान्यांची वही वर्षातून एकदा, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की, परत उघडा. जी नावं बदलली ती बदला. चालींची रेकॉर्डिंग एकाच मोबाइलवर ठेवू नका. एक प्रत वेस्ट्रीतल्या कपाटात पेनड्राइव्हवर, एक पाळकसाहेबांकडे, एक शिकणाऱ्या मुलीकडे. सेक्रेटरी बदलला तर वही त्याच्या हातात देताना नुसती देऊ नका. शेजारी बसा, आणि चौथ्या रकान्यातल्या प्रत्येक माणसाच्या घरी त्याला एकदा घेऊन जा.